बोडीची पाळ आणि जुना तुडुम : दोन उन्हाळ्यांच्या कामाच्या नोंदी

आमची बोडी, म्हणजे शेतातील लहान तळे, गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात, शेताच्या वरच्या टोकाला, जंगलाच्या कडेला आहे. १९५१ मध्ये मालगुजारी (जमीनदारीसारखी पद्धत) संपली तेव्हा मोठे तलाव सरकारकडे गेले, पण शेतांतील लहान बोड्या कास्तकारांकडेच राहिल्या आणि ही त्यांपैकीच एक आहे. पुढे इटियाडोह धरणाच्या कालव्याचे पाणी आमच्या बांध्यांपर्यंत (धानाच्या वाफ्यांपर्यंत) आले, धानासाठी बोडीची गरज उरली नाही आणि पंचवीस-तीस वर्षे तिच्याकडे कोणी पाहिले नाही. आता घरातील मुलांना पोहता यावे, आई-बाबांना संध्याकाळी पाण्याकाठी बसता यावे आणि पाणपक्ष्यांना हक्काची जागा मिळावी, एवढ्यासाठी तिची दुरुस्ती करायची असे आम्ही ठरवले. असेच काम हाती घेणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी, त्यांतील चुकांसह, जशाच्या तशा ठेवत आहे.

२० नोव्हेंबर २०२२

आज पाळीची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाची, मोजणी केली. लांबी १३० मीटर, सर्वांत खोल जागी उंची ३.६ मीटर, माथ्याची रुंदी कोठे दोन मीटर तर कोठे जेमतेम सव्वा मीटर आहे. पाण्याची पारदर्शक नळी घेऊन दर पाच मीटरवर माथ्याची पातळी सांडव्याच्या (जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेच्या) उंबरठ्याशी ताडून पाहिली. डोळ्यांना सपाट दिसणारी पाळ मधल्या तीस मीटरमध्ये चांगलीच खचलेली निघाली. टोकांना माथा उंबरठ्याच्या ९५ सेंटीमीटर वर आहे, पण मध्यभागी केवळ ३८ सेंटीमीटर. मोठ्या पुरात सांडवा पूर्ण वाहू लागण्यापूर्वीच पाणी मध्यभागी माथ्यावरून गेले असते, आणि मातीच्या पाळीवरून एकदा पाणी वाहू लागले की ती वाचत नाही. ही नळी शंभर रुपयांची आहे. कोणतेही यंत्र बोलावण्यापूर्वी ही मोजणी करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

४ डिसेंबर २०२२

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले मामा दोन दिवस राहायला आले होते. नकाशावरून बोडीचे पाणलोट क्षेत्र २२ हेक्टर निघाले. मामांनी पुराचा अंदाज देणाऱ्या डिकेन्सच्या सूत्रात गुणांक १४ धरून कमाल पूर सेकंदाला साडेचार घनमीटर काढला. जुना सांडवा तीन मीटर रुंद आहे आणि खचलेल्या माथ्यापर्यंत पाणी चढेपर्यंत त्यातून सव्वा घनमीटरसुद्धा पाणी जात नाही. इतकी वर्षे पाळ टिकली ती बहुधा गाळाने आणि बेशरमाच्या झुडपांनी भरलेल्या नाल्याने पूर अडवून धरला म्हणून. नवा सांडवा आठ मीटर रुंद करायचा, म्हणजे अर्धा मीटर खोलीने वाहिला तरी पावणेपाच घनमीटर पाणी जाईल, आणि माथा सगळीकडे उंबरठ्यापेक्षा १.१ मीटर वर आणायचा, असे ठरले. "पाणी किती साठवायचे ते नंतर ठरव, ते बाहेर कुठून जाणार ते आधी ठरव," असे मामा जाताना पुन्हा बजावून गेले.

१० ते २६ जानेवारी २०२३

बेशरम काढण्यात सतरा दिवस गेले. गावातील बायका आणि चार गडी मिळून ६२ मजूरदिवस लागले. पहिल्या आठवड्यात आम्ही झुडपे कोयत्याने कापली आणि काड्या पाळीच्या उतारावर टाकल्या. दहा दिवसांत त्या काड्यांना पाळीच्याच ओलाव्यावर मुळे फुटली, आणि जे काम झाले असे आम्ही समजत होतो ते पुन्हा करावे लागले. बेशरमाचा तुकडा ओल्या मातीला टेकला की तो जगतो. ते मुळासकट उपटावे, पाण्यापासून दूर खडकाळ जागी उन्हात पसरावे आणि पूर्ण वाळल्यावर जाळावे. फेरकामात सुमारे पाच हजार रुपये गेले.

देवधान (रानटी धान) आणि कमळाची मुळे असलेला पूर्वेकडचा कोपरा आम्ही हात न लावता ठेवला. हे गावातील एका वयस्क ढिवर (मासेमार समाजाच्या) आजोबांनी सुचवले. उद्या पक्षी आणि मासे दोन्ही याच कोपऱ्यातून परततील, असे त्यांचे म्हणणे होते.

१८ फेब्रुवारी २०२३

पाळीवर पळसाची व येनाची (ऐनाची) अकरा झाडे आणि एक जुना मोह आहे. झाडांच्या मुळांनी पाळ घट्ट धरली जाते असा आमच्याकडे सर्वत्र समज आहे, आणि जिवंत झाडाबाबत तो काही अंशी खराही असेल. पण झाड मेले की जाड मुळे कुजतात आणि पाळीच्या पोटात आरपार पोकळ नळ्या तयार होतात. येनाचे एक वठलेले झाड खोदून काढताना मनगट जाईल एवढे पोकळ मूळ पाण्याच्या दिशेने तीन मीटर गेलेले आढळले. झाडतोडीची परवानगी घेण्यात पाच आठवडे गेले आणि ते या वेळापत्रकात आम्ही धरलेच नव्हते. झाडे बुंध्यासह काढली, खड्डे रुंद करून त्यांच्या कडांना पायऱ्या पाडल्या आणि ओलसर मातीचे पातळ थर देऊन ते चोपून भरले. झाड नुसते जमिनीलगत कापून बुंधा आत कुजू देणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे.

मोहाला मात्र बाबांनी हात लावू दिला नाही. त्यांच्या आजीने त्याची फुले वेचली होती. मोह बाहेरच्या पायथ्याशी आहे, त्यामुळे तेवढ्या बारा मीटरमध्ये पाळीला बाहेरून तीन मीटर रुंदीचा जादा भराव द्यायचा आणि झाडाभोवती मोकळी जागा ठेवायची असा मध्यममार्ग काढला. खर्च वाढला, पण या निर्णयाचा मला पश्चात्ताप नाही.

५ ते २२ मार्च २०२३

गाळ काढला. जेसीबी ५४ तास चालला आणि सुमारे ५४० ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) गाळ निघाला. त्यातील २१० खेपा आम्ही आमच्या बांध्यांत टाकल्या, उरलेला गाळ शेजारच्या कास्तकारांनी स्वतःच्या ट्रॅक्टरने नेला. बोडीचा गाळ धानाला चांगला, त्यामुळे मागणी भरपूर होती, आणि नेमकी तीच पुढे आमच्या अंगाशी आली. पाळीच्या आतल्या पायथ्याजवळचा गाळ सर्वांत काळा आणि चिकट होता. ट्रॉल्यांची रांग लागलेली, चालक घाई करत होता, आणि मी त्या दिवशी दुपारी तालुक्याला गेलो होतो. पायथ्यालगतचा चाळीस मीटर लांब व सहा मीटर रुंद पट्टा दीड-दोन फूट जास्त खोदला गेला. संध्याकाळी तेथे खोल पाणी राहील म्हणून उलट आम्हाला बरे वाटले. या एका दुपारने पुढचे पूर्ण वर्ष खाल्ले.

८ एप्रिल ते २ मे २०२३

पाळीचा भराव. आमच्याकडे मातीला जुनी नावे आहेत आणि कामात त्यांचाच उपयोग झाला. कन्हार म्हणजे काळी चिकण माती, सिहार म्हणजे रेताड, आणि बर्डी म्हणजे खडीमिश्रित मुरमाड. कन्हार पाणी अडवते, पण वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, म्हणून ती आत गाभ्यात आणि तिच्यावर बर्डीचे आवरण असा क्रम ठेवला. मातीची ओल पाहण्याची साधी पद्धत मामांनी शिकवली. मुठीत दाबलेला गोळा फुटू नये, पण हाताला चिखल लागू नये. कोरडी माती कितीही दाबली तरी बसत नाही, आणि फार ओली माती चाकाखाली गादीसारखी हलते.

येथे आमचे चार दिवस वाया गेले. आम्ही दोन-दोन फुटांचे थर टाकून त्यांवरून जेसीबी फिरवला आणि दाबाई झाली असे समजलो. मामांनी फोनवर एक खड्डा खणायला सांगितले. वरची सहा इंच माती दगडासारखी होती, त्याखाली मात्र कुदळ अलगद जात होती. सगळे उकरून सहा इंचांचे थर दिले, प्रत्येक थर पाणी मारून भरलेल्या ट्रॉलीसह ट्रॅक्टरने आठ वेळा दाबला, आणि पुढचा थर टाकण्यापूर्वी आधीचा थर दात्याने खरवडून घेतला. जुन्या पाळीवर नवी माती टाकतानाही उतारावर पायऱ्या पाडल्या. तसे केले नसते तर नवा भराव पहिल्या पावसात घसरला असता. माथा आता अडीच मीटर रुंद, आतला उतार एकास अडीच (उभे एक, आडवे अडीच) आणि बाहेरचा एकास दोन आहे.

याच काळात आठ मीटरचा दगडी सांडवा पूर्ण झाला. तो पाळीत नसून उत्तरेच्या टोकाला, मूळ कडक जमिनीत कापलेला आहे. या भागाबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. गवंडी जाणता होता आणि काम नीट झाले.

२१ मे २०२३

पाणी सोडण्याची व्यवस्था केली. जुना तुडुम, म्हणजे पाण्याच्या बाजूला एकावर एक तीन भोके असलेला दगडी हौद, मोडकळीस आला होता. भोकांना लाकडी गुट्टे बसवून पाणी बंद करत आणि पातळी उतरेल तसतसे वरून खाली एकेक गुट्टा काढत. गुट्टा काढायला पाण्यात उतरावे लागते, त्यापेक्षा पाळीच्या बाहेरच्या अंगाला व्हॉल्व्ह असला की कोरड्या पायांनी काम होईल, असा विचार आम्ही केला. तुडुम बुजवला. पाळीत चर खणून दोनशे मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप टाकला, त्यात सहा-सहा मीटरचे तीन तुकडे आणि एक लहान जोड होता. बाहेरच्या टोकाला व्हॉल्व्ह बसवला. चराच्या भिंती उभ्याच होत्या, आणि पाईपच्या कुशीत, जेथे ट्रॅक्टर पोहोचत नाही, तेथे माती लाकडी धुमसाने जमेल तशी ठोकली. पावसाची घाई होती. मामांना दाखवायचे राहून गेले.

२९ जुलै २०२३

बोडी उंबरठ्याच्या एक फूट खालपर्यंत भरली. मुलांनी पहिल्यांदा पोहून घेतले. पाळीच्या पायथ्यापासून पंधरा मीटर अंतरावर शेजारच्या काकांच्या बांधीत मात्र पाणी पाझरताना दिसले. पंधरा लिटरची बादली ४० सेकंदांत भरते, म्हणजे मिनिटाला बावीस लिटरच्या वर. पाणी पूर्ण स्वच्छ आहे. रोज सकाळी एकाच जागी, एकाच बादलीने मोजायचे आणि वहीत लिहायचे असे ठरवले.

१३ ऑगस्ट २०२३

पहाटे सहाला पाईपच्या बाहेरच्या तोंडाभोवतीची माती ओली दिसली आणि बोटाएवढी धार लागलेली होती. धार गढूळ होती, आणि तळहातावर पाणी घेतले तर बारीक कण खाली बसत होते. स्वच्छ पाझर थांबून पाहता येतो. गढूळ पाझर म्हणजे पाळीची माती आतून वाहून जात आहे, आणि तेथे तास मोजावे लागतात.

मजुरांपैकी एक दादा चिकण मातीचा गोळा घेऊन ते छिद्र बुजवायला धावले. मीही तेच केले असते, पण मामांनी फोनवर ओरडून थांबवले. बाहेरचे तोंड बंद केले तर आत दाबलेले पाणी दुसरी वाट फोडते. पाण्याला येऊ द्यायचे, फक्त मातीला अडवायचे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्या जागेवर आधी एक फूट जाड स्वच्छ रेती, तिच्यावर बारीक गिट्टी आणि सर्वांत वर दगड रचले. सांडव्याच्या कामातून रेती आणि गिट्टी उरली होती म्हणून हे तासाभरात झाले. आता पाळीजवळ एक ब्रास रेती आणि एक ब्रास गिट्टी आम्ही कायम ठेवतो.

त्यानंतर व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. अर्ध्या तासात पाईपभोवतीची धार निम्म्यावर आली. बोडीची पातळी एवढ्या वेळात बोटभरही उतरली नव्हती, त्यामुळे कारण त्याच क्षणी उमगले. व्हॉल्व्ह बाहेर असल्याने पाळीच्या पोटातील पाईप रात्रंदिवस पाण्याच्या पूर्ण दाबाखाली होता, आणि एखादा जोड सुटून ते दाबाचे पाणी सरळ मातीत शिरत होते. जुन्या तुडुमाचे गुट्टे पाण्याच्या बाजूला होते. ते बंद असताना पाळीखालचा मार्ग रिकामा आणि कोरडा राहत असे. आम्ही आमच्या सोयीसाठी हीच गोष्ट उलटी केली होती.

पाईपच्या तोंडावरील जाळीत पाणवनस्पती अडकत राहिल्याने पातळी सव्वा मीटर खाली यायला दोन दिवस लागले. त्या दोन रात्री आम्ही पाळीवर आळीपाळीने जागलो. सोडलेले पाणी काकांचा धुरा (शेताचा बांध) फोडून नाल्याकडे वळवावे लागले आणि त्यांची नुकतीच रोवणी झालेली पाव एकर बांधी गाळाखाली गेली. काका स्वतः रात्री दोनला कंदील घेऊन धुरा कापायला आले. दिवाळीनंतर आम्ही चार क्विंटल धान त्यांच्या घरी पोहोचवले. त्यांनी मागितले नव्हते.

२६ नोव्हेंबर २०२३

बोडी रिकामी करून तळ पाहिला. आतल्या पायथ्याशी, मार्चमध्ये जास्त खोदलेल्या पट्ट्यात, कन्हारीचा थर संपून सिहार मातीची पिवळसर शीर उघडी पडली होती. ती पाळीखालून थेट काकांच्या बांधीकडे जाते. पिढ्यान्‌पिढ्या साचलेल्या चिकण गाळाने ही शीर झाकली होती आणि आम्ही ते पांघरूण ट्रॉल्या भरून वाटून टाकले. जुन्या बोडीचा गाळ काढताना आतल्या पायथ्यापासून निदान पंधरा ते वीस मीटर जागा सोडावी, आणि खोली हवी असेल तर ती मध्यभागी करावी, हा आता आमचा नियम आहे.

आणखी एक चूक याच हिवाळ्यात लक्षात आली. जेसीबीने काठ सगळीकडे सरळ कापले होते. उरलेल्या पाण्यावर टिबुकल्या आणि दोन पाणकावळे एवढेच पक्षी होते. तुतवार, शेकाट्या आणि बगळे यांना घोट्याएवढे पाणी आणि चिखल लागतो, तो कोठेच नव्हता. गाळाने भरलेली, बेशरमाने वेढलेली जुनी बोडी त्यांना आमच्या नव्या बोडीपेक्षा अधिक सोयीची होती, हे लिहिताना वाईट वाटते.

११ मार्च ते १९ मे २०२४

दुसरा उन्हाळा, आणि या वेळी मामा सुरुवातीपासून महिनाभर येथेच राहिले.

पाईपच्या जागी पाळ पूर्ण उंचीपर्यंत कापली, पण कडा उभ्या न ठेवता एकास एक उताराने आणि पायऱ्या पाडून. पाईप काढताना दुसऱ्या जोडाखाली डोके मावेल एवढी पोकळी सापडली. ती पाहिल्यावर घरी त्या दिवशी कोणी फारसे बोलले नाही. नवा सिमेंटचा ह्यूम पाईप काँक्रीटच्या पलंगावर बसवून बाजूंनी काँक्रीटमध्ये गाडला, म्हणजे पाईपच्या कुशीत माती ठोकण्याचा प्रश्नच राहिला नाही. काँक्रीटच्या कडा तिरप्या ठेवल्या, कारण उभ्या कडेला माती दबून चिकटत नाही. बाहेरच्या तिसऱ्या हिश्श्यात पाईपभोवती चारी बाजूंनी स्वच्छ रेतीचा पडदा भरला आणि त्याचे पाणी पायथ्याच्या दगडी चरात सोडले. आत कधी पाझर झालाच तर पाणी रेतीतून जाईल, पण माती अडेल. भराव पुन्हा सहा इंची थरांनी केला, या वेळी तीन दिवस भाड्याने आणलेल्या मेंढीपाय (खुरांसारखे उंचवटे असलेल्या) रोलरने. ट्रॉलीच्या दाबाईशी त्याची तुलनाच होत नाही. पहिल्या वर्षी पंधरा हजार वाचवण्यासाठी आम्ही तो आणला नव्हता.

तुडुम पुन्हा बांधला. दगडी हौद, साठ सेंटीमीटरच्या अंतराने तीन भोके आणि सागाचे गुट्टे, सगळे पाण्याच्या बाजूला. गुट्ट्यांना लोखंडी सळई जोडून ती वर आणली आहे, त्यामुळे पाण्यात उतरावे लागत नाही. सोय हवी होती ती एवढ्या साध्या उपायाने मिळाली असती.

उघडी पडलेली शीर दोन फूट कन्हारीने झाकली, तेही थर देऊन आणि दाबून. ती उन्हाने तडकू नये म्हणून वर अर्धा फूट बर्डी पसरली. उत्तरेचा काठ आता पंचवीस मीटर रुंदीत एकास आठ अशा मंद उताराचा केला आहे. त्या बाजूला पायवाट नाही, दिवा नाही आणि कोणी जायचे नाही. माणसांसाठी दक्षिणेचा काठ ठेवला. तेथे पाच दगडी पायऱ्या, बसायला ओटा, पोहण्याच्या जागेची सीमा दाखवणारा दोर आणि खांबाला टांगलेली हवा भरलेली ट्यूब आहे. तुडुमाच्या दहा मीटर परिसरात पोहायचे नाही, हा नियम मुलांना पाठ करून घेतला, कारण गुट्टा काढलेला असताना भोकाची ओढ मोठ्या माणसालाही सुटू देत नाही.

खर्च एकत्र लिहून ठेवतो. पहिल्या वर्षी सफाईची मजुरी १८,६००, जेसीबी ६४,८००, ट्रॅक्टरच्या खेपा ७३,५००, सांडवा ८५,००० आणि पाईप-व्हॉल्व्ह २२,००० असे २,६३,९०० रुपये झाले. दुसऱ्या वर्षी जेसीबी ४०,३००, मातीच्या खेपा ३८,४००, रेती १८,०००, रोलर १५,०००, मजुरी १४,०००, तुडुम ३८,००० आणि ह्यूम पाईप २१,००० असे १,८४,७०० रुपये झाले. तुडुम पहिल्याच वर्षी दुरुस्त केला असता आणि पायथ्याचा गाळ सोडला असता, तर दुसऱ्या वर्षीचा बहुतेक खर्च टळला असता.

३० जून २०२४

मासे सोडण्याबाबत एक सावधगिरी. विक्रेत्याने आणलेल्या देशी मागूरच्या बिजात आफ्रिकन मागूरची पिले मिसळलेली निघाली. भारतात या माशावर २००० पासून बंदी आहे, कारण तो पाण्यातील इतर सगळे जीव फस्त करतो. ढिवर आजोबांनी पिले घमेल्यात ओतून पाहताक्षणी ओळखले आणि पूर्ण बीज परत केले. डासांसाठी गप्पी आणि गॅम्बुसिया सोडण्याचा सल्लाही मिळाला होता, पण बाहेरून आलेले मासे नकोत असे आम्ही ठरवले. मरळ आणि लहान देशी मासे वरच्या नाल्यातून आपोआप आले.

२४ ऑगस्ट २०२४

रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी सांडवा २२ सेंटीमीटर खोलीने वाहत होता, म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ घनमीटर. जुना सांडवा आणि जुना माथा असता तर आज पाणी पाळीवरून गेले असते. काकांच्या बांधीतील पाझर मोजला. तीच पंधरा लिटरची बादली भरायला जवळजवळ चार मिनिटे लागली आणि पाणी स्वच्छ होते. पाईपभोवतीची माती कोरडी आहे. दगडी चरातून बारीक ओघळ येतो, तोही स्वच्छ.

पूर्वेच्या कोपऱ्यात कमळाच्या पानांवर कमळपक्ष्याने अंडी घातली आहेत. आई रोज ओट्यावरून दुर्बिणीने पाहते.

१७ नोव्हेंबर २०२४

रानडुकरांनी बाहेरच्या उतारावर तीन ठिकाणी नांगरल्यासारखे उकरले आहे. उतारावर लावलेली हरळी नीट धरली, पण तिच्याखालच्या गांडुळांसाठी डुकरे येतात. वाळ्याची जुडी लावलेल्या पट्ट्याला त्यांनी हात लावला नाही, त्यामुळे पायथ्याला वाळ्याच्या दोन ओळी वाढवल्या. खेकड्यांची आणि उंदरांची बिळे महिन्यातून एकदा शोधतो. त्यांत कन्हारीचा पातळ गारा ओतून भरतो. बिळाचे तोंड नुसते मातीने बुजवले तर आतली पोकळी तशीच राहते.

१२ जानेवारी २०२५

तुडुमाचे सर्वांत वरचे भोक पंधरा दिवस उघडे ठेवून पातळी हळूहळू फूटभर उतरवली आहे. उत्तरेचा मंद काठ त्यामुळे उघडा पडतो आणि दररोज चिखलाची नवी पट्टी मिळते. आज सकाळी तेथे १४ शेकाट्या, सात तुतवार, दोन उघड्या चोचीचे करकोचे आणि पाण्यावर सुमारे साठ अडया (एक जातीची बदके) होत्या. काठावर चितळांच्या खुरांचे ठसे आहेत. तीन भोकांची ही पातळी-व्यवस्था पक्ष्यांसाठी इतकी उपयोगी पडेल, हे तुडुम बांधताना आमच्या मनातही नव्हते. सारस आमच्याकडे अजून आलेला नाही. त्याला बोडीपेक्षा सभोवतालच्या ओल्या बांध्या अधिक लागतात, आणि त्या काकांच्या आहेत. ते या वर्षी खालच्या दोन बांध्यांत पाणी उशिरापर्यंत धरून ठेवणार आहेत. फेब्रुवारीत मधले भोक उघडायचे आहे, आणि त्याआधी सागाचा एक गुट्टा बदलायला हवा, कारण तो फुगून घट्ट बसला आहे.